सोंगाचा खेळ : बुधवारच्या टेबलाची हकीकत

(द्वितीय वर्ष, कला)

'बुधवारी दुपारी तुम्ही त्या दुकानात जमून नेमके करता तरी काय?' हा प्रश्न मला गेल्या वर्षभरात इतक्या जणांनी विचारला आहे, की संपादकांनी लेख मागितला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. वसतिगृहातल्या मैत्रिणींनी विचारला, ग्रंथालयातल्या काकांनी विचारला, एकदा तर मराठी विभागातल्या सरांनीही विचारला. जिन्यात उभ्या उभ्या उत्तर देताना अर्धेच सांगून होते. पत्ते खेळता का? नाही. जुगार आहे का? मुळीच नाही. नाटक बसवता? थोडेसे. मग बुद्धिबळासारखे काही? तेही नव्हे. म्हणून एकदाच सविस्तर लिहीत आहे.

इंग्रजीत या प्रकाराला 'टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम' असे लांबलचक नाव आहे. आम्ही आपसांत त्याला सोंगाचा खेळ म्हणतो. एका टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येकाने एकेक सोंग घेतलेले असते. कुणी तांड्याचा म्होरक्या, कुणी वैदू, कुणी भुरटा चोर. त्या सोंगाचे बळ, चपळाई, अक्कल वगैरे गुण अंकांत मांडलेला एक कागद ज्याच्या त्याच्या पुढे असतो. यांच्याखेरीज आणखी एक जण असतो, तो सूत्रधार. तो प्रसंग सांगतो आणि शेवटी विचारतो, 'आता तुम्ही काय करता?' या एवढ्या प्रश्नावर सारा खेळ उभा आहे.

उदाहरणच देते. सूत्रधार म्हणतो, 'नाणेघाटाच्या माथ्यावर तुम्ही पोचलात. दिवस मावळला आहे. जकातीचा रांजण रिकामा पडला आहे आणि पहारेकऱ्याचा पत्ता नाही. गुहेतून कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज येतो.' यावर एक जण म्हणतो, 'मी दबकत गुहेच्या तोंडाशी जातो.' हे त्याला साधेल की नाही ते त्याच्याही मर्जीवर नसते आणि सूत्रधाराच्याही. त्यासाठी वीस बाजूंचा फासा टाकायचा. काम अवघड आहे म्हणून सूत्रधाराने पंधराचा आकडा ठरवला आणि आपल्या सोंगाला दबकत चालण्याचे तीन गुण असले, तर फाशावर बारा किंवा त्याहून जास्त पडायला हवे. म्हणजे वीसपैकी नऊ बाजू आपल्या, अकरा दैवाच्या. शंभरात पंचेचाळीस वेळा जमेल. पण त्याच खेळाडूने 'मी पायतण काढून हातात घेतो आणि वाऱ्याची झुळूक येईपर्यंत थांबतो' असे सुचवले, तर सूत्रधार त्याला दोन फासे टाकून त्यांतला मोठा आकडा घेऊ देतो. तेवढ्याने पंचेचाळीसचे जवळपास सत्तर होतात. (हे गणित संख्याशास्त्र घेतलेल्या एका मैत्रिणीकडून तपासून घेतले आहे.) डोके चालवले तर दैव थोडे सरकते, पण पुरते हटत नाही. मला या खेळाची चटक लागली ती इथे.

यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही आणि पणाला काही लावायचे नसते. फासे म्हटले की ज्यांना द्यूतपर्व आठवते त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगते. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या काही पालकांनी हा खेळ सैतानी आहे म्हणून मोठे काहूर उठवले होते. तेव्हा आमच्या घरच्यांनी फोनवर जरा काळजी दाखवली तर त्यात नवल नाही.

खरे पाहता आपल्याकडच्या माणसाला हा प्रकार वाटतो तितका परका नाही. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून भरवीत आलेली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा आपल्यापैकी पुष्कळांनी भरत नाट्य मंदिरात बसून पाहिली आहे. तिथे संहिता असते, तालमी असतात आणि समोर प्रेक्षक असतात, तेही शिट्ट्या मारणारे. सोंगाच्या खेळात या तिन्ही गोष्टी नाहीत. त्याचे जवळचे नाते आहे ते कोकणातल्या दशावताराशी. दशावतारी नट लिहिलेली संहिता पाठ करीत नाहीत. कथानक ठरलेले असते आणि संवाद ज्याने त्याने रंगमंचावर उभ्या उभ्या रचायचे असतात. मी जुन्नर तालुक्यातली. आमच्याकडे दशावतार नाही, पण तमाशातली बतावणी आहे, आणि तीही अशीच हजरजबाबीपणावर चालते. फरक एवढाच, की आमच्या टेबलाला प्रेक्षक नाहीत. सगळे नट, आणि सगळेच एकमेकांचे प्रेक्षक.

आता हा खेळ आला कुठून ते थोडक्यात सांगते. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना लढाई शिकवण्यासाठी नकाशावर ठोकळे मांडून खेळण्याची पद्धत होती. १८२४ साली राइसव्हिट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने तिचे नियम बांधले. त्यात निवाडा करायला एक पंच असे. हाच पंच पुढे आमचा सूत्रधार झाला, पण व्हायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली नावाच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयात टॉटन या लष्करी अधिकाऱ्याचे १८८० सालचे युद्धखेळावरचे पुस्तक सापडले. (आपल्या ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत काय काय पडले असेल, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.) त्यातली पंचाची कल्पना उचलून १९६० च्या दशकाच्या अखेरीस वेस्लीने ब्राउनस्टाइन नावाच्या एका काल्पनिक जर्मन गावाचा खेळ मांडला. दोन बाजूंचे दोन सेनापती एवढ्यावर न थांबता त्याने बाकीच्या मित्रांनाही कामे वाटली. एक नगराध्यक्ष, एक सावकार, एक विद्यापीठाचा कुलपती. खेळ सुरू झाला आणि सगळा गोंधळ झाला. दोघांनी एकमेकांना द्वंद्वाचे आव्हान दिले, ज्याचा नियमच नव्हता. वेस्लीला तो जागच्या जागी करावा लागला. आपला प्रयोग फसला असे समजून तो खट्टू झाला. मित्र मात्र मागे लागले, पुन्हा कधी मांडतोस?

त्या मित्रांत डेव्ह आर्नेसन होता. त्याने ही तऱ्हा पुढे नेली आणि गॅरी गायगॅक्सला दाखवली. दोघांनी मिळून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ लिहिला. तो १९७४ साली निघाला. एका खोक्यात तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची, खोकी घरीच भरलेली. या गायगॅक्सबद्दल मला विशेष आपुलकी वाटते. त्याने शाळा अर्धवट सोडली होती. विमा कंपनीतली नोकरी गेल्यावर तो जोडे दुरुस्त करून पोट भरत असे, आणि त्याच काळात त्याचे हे लिहिणे चालले होते.

आणखी एक गोष्ट बहुतेक माहितीपटांत निसटून जाते. हा खेळ लिहिण्याच्या सहा वर्षे आधीच गायगॅक्स मेळावे भरवीत होता. १९६८ साली त्याने आपल्या लेक जिनीव्हा या गावातला, फुलझाडांची प्रदर्शने भरणारा हॉल पन्नास डॉलर भाड्याने घेतला आणि युद्धखेळ खेळणारे शंभराच्या आसपास लोक गोळा केले. तोच मेळावा पुढे 'जेन कॉन' म्हणून वाढत गेला. २००३ पासून तो इंडियानापोलिस शहरात भरतो आणि २०२३ साली तिथे सत्तर हजारांवर माणसे आली होती. मेळाव्यांनी खेळाला घडवलेही. १९७५ साली बाल्टिमोरच्या 'ओरिजिन्स' मेळाव्यात अनेक टेबलांवर एकच कथानक ठेवायचे होते, म्हणजे कुठली टोळी किती पुढे पोचते ते ताडून पाहता येईल. त्यासाठी गायगॅक्सने एक भयंकर थडगे रचले, ते १९७८ साली पुस्तिका म्हणून छापून निघाले. आज दुकानात मिळणाऱ्या तयार कथानकांचा उगम असा आहे. इतक्या लोकांना इतक्या तासांत बसवायचे आहे, या अडचणीतून ती लिहिली गेली. माझ्या मते खेळ शोधणाऱ्याइतकाच टेबले मांडणाराही महत्त्वाचा, तो याचमुळे.

आता आपल्या पुण्याकडे वळू.

डेक्कनच्या बाजूला एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, पटांवरच्या खेळांचे एक दुकान आहे. खाली झेरॉक्सवाला, वर हे. भिंतीला लावून कपाटे, त्यांत परदेशी खेळांची मोठमोठी खोकी, मध्ये सहा टेबले आणि कोपऱ्यात चहा-कॉफीची सोय. अशा दुकानाचा धंदा कसा चालतो हे मला आधी कळत नसे. एक खोके विकले की गिऱ्हाईक सहा महिने फिरकत नाही. त्यामुळे खरे उत्पन्न टेबलाचे : माणशी तासाला अमुक इतके. टेबल रिकामे राहिले की भाडे अंगावर. सोंगाचा खेळ दुकानदाराला आवडतो कारण तो तीन-चार तास चालतो आणि तीच माणसे पुन्हा येतात. नावडतो कारण ती तेवढ्या वेळात दुसरे काही विकत घेत नाहीत आणि आरडाओरडा फार करतात. हे दोन्ही लक्षात घेतल्याशिवाय मेळाव्याची बोलणी करायला जाऊ नये.

तिथे रविवारी संध्याकाळी सोंगाच्या खेळाची दोन टेबले आधीपासून लागत. मी प्रथम तीच पाहिली. मंडळी सज्जन, कुणी कुणाला हिडीसफिडीस करणारे नाही. पण सगळे इंग्रजीतून. आणि सोंगाच्या खेळात इंग्रजी समजून भागत नाही, इंग्रजीतून थाप मारता आली पाहिजे, विनवता आले पाहिजे, भांडता आले पाहिजे. मला वर्गात इंग्रजी कळते. भांडता येत नाही. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. वडील टोमॅटोच्या मार्केटात हमाली करतात. आमचे भांडण मराठीतच होते. रविवारच्या टेबलावर मी तीन वेळा बसले, आणि तिन्ही वेळा माझे सोंग मुके असल्यासारखे मान डोलवत मागून चालत राहिले. माझ्यासोबत आलेल्या दोघींचे तेच. त्यातून तीन तासांचे जे पैसे होत, तेवढ्यात माझी दोन दिवसांची मेस निघते. संध्याकाळी उशिरा संपायचे ते वेगळेच. वसतिगृहाचे फाटक कुणासाठी थांबत नाही.

तेव्हा प्रश्न तीन होते. भाषा, पैसा आणि वेळ. तिन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी मिळाले, ते म्हणजे बुधवारची दुपार. त्या वेळी दुकानात माशा मारण्याखेरीज काम नसते. आमचे तास साडेबाराला संपतात. आम्ही दुकानाच्या मालकांना सांगितले की रिकाम्या टेबलाचे तुम्हाला काहीच मिळत नाही. आम्ही दहा-बारा जण दर पंधरा दिवसांनी नक्की येऊ, एक ते चार बसू, चहा तुमच्याकडचाच घेऊ, दर मात्र निम्म्याहून कमी लावा. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्यांचे लोक येऊन सुपारी ठरवतात, ते बोलणे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तिथे शिकलेली एक गोष्ट इथे उपयोगी पडली : पहिला आकडा आपण सांगू नये. मालक भला माणूस निघाला. त्याने आमच्या मनातल्यापेक्षाही कमी सांगितले.

मग आली भाषा. इथे २०२३ सालच्या एका घटनेने आम्हाला मोठा हात दिला. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या प्रकाशकांनी २००० सालापासून आपले मूळ नियम इतरांना वापरायला मोकळे ठेवले होते. जानेवारी २०२३ मध्ये त्या परवान्याच्या अटी आवळण्याचा त्यांचा बेत बाहेर फुटला. जगभरच्या खेळाडूंनी असा काही गहजब केला, की महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली आणि सुमारे चारशे पानांचा नियमसंग्रह 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली कायमचा खुला केला. मूळ कुणाचे ते नमूद केले, की त्याचे भाषांतर करा, काटछाट करा, छापा, वाटा, कुणी अडवत नाही. आम्ही चारशे पाने अर्थातच केली नाहीत. एका बैठकीला लागतील एवढे नियम निवडून चार पानांत बसवले.

पण ती चार पाने करायला आम्हा तिघींना दीड महिना लागला, आणि पदवीच्या अभ्यासक्रमातल्या भाषांतरविद्येच्या पेपरपेक्षा जास्त भाषांतर मी तिथे शिकले. आम्ही पहिल्यांदा शब्दकोश उघडला, तर सगळे शब्द शासकीय परिपत्रकातून आल्यासारखे दिसू लागले. मग ठरवले, की अंगणात खेळताना पोरे काय म्हणतात ते आठवायचे. मार बसला की जो आकडा कमी होतो, त्याला इंग्रजीत 'हिट पॉइंट्स' म्हणतात. आम्ही 'जीव' म्हटले. 'माझे चार जीव उरलेत' हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. 'इनिशिएटिव्ह', म्हणजे कुणी आधी वार करायचा तो क्रम, याला 'पाळी' हा शब्द तयार होता. पण त्यावरून टेबलाच्या एका बाजूला खुसखुस सुरू झाली, म्हणून 'नंबर' केला. मूळ नियमांत अठरा कौशल्ये आहेत. त्यांतल्या हाताच्या कसबाला 'हातचलाखी' इतका नेमका शब्द इंग्रजीतही नसेल. आसपास काय चालले आहे ते टिपण्याच्या कौशल्याला 'चाहूल', समोरच्याच्या पोटात काय आहे ते ओळखण्याला 'मन ओळखणे', खोटे बोलण्याला 'थाप', दुसऱ्याला राजी करण्याला 'गळ घालणे', धमकावण्याला 'दम देणे'. 'दम देणे' कागदावर आले त्या दिवशी बैठकीत सगळ्यांना दमच द्यायचा होता. 'सेव्हिंग थ्रो'वर मात्र आमचे अजून एकमत नाही. मी 'बचावाचा फासा' म्हणते, दुसरी एक जण हट्टाने 'वाचलो का?' असे म्हणते, आणि खरे तर तिचेच सगळ्यांच्या तोंडी बसले आहे.

फाशांचीही एक अडचण होती. वीस बाजूंचा चांगला फासा प्रत्येकाला घ्यायचा म्हणजे खर्च. यावर तोडगा आम्हाला या खेळाच्या इतिहासातच सापडला. १९७९ साली अमेरिकेत फाशांचा तुटवडा पडला, तेव्हा खुद्द कंपनीने खोक्यात फाशांऐवजी आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे घालून दिले होते. आम्हीही एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करून स्टीलच्या डब्यात टाकल्या. डबा हलवायचा, न बघता एक काढायची. काढलेली चिठ्ठी दर वेळी परत डब्यात टाकली पाहिजे, नाहीतर पुढच्याचे गणित बदलते. आता आमच्याकडे तीन फासे आहेत, तरी काही जणांना डबाच आवडतो. त्याला खुळखुळ्यासारखा आवाज येतो.

कथानक कुठले घ्यायचे? तयार इंग्रजी कथानकांत बर्फाळ डोंगर, दारूचे गुत्ते आणि ड्रॅगन. त्यात वाईट काही नाही, पण आमच्यापैकी कुणाला तो गुत्ता डोळ्यांपुढे येत नव्हता, आणि जे दिसत नाही त्यात माणूस काय करणार? २०२२ साली त्याच कंपनीने एक कथासंग्रह काढला. त्यात कोलकात्याच्या लेखिका मिमी मोंडल यांनी बंगालच्या नद्या-खाजणांवर बेतलेले 'इन द मिस्ट्स ऑफ मणिवर्षा' हे कथानक लिहिले आहे. ते वाचून धीर आला. बंगालचे चालते तर जुन्नरचे का चालू नये?

नाणेघाट म्हणून निवडला. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने घाट चढून जुन्नरला येई. माथ्यावर कोरलेली लेणी आहे. तिच्यात ब्राह्मी लिपीतला मोठा लेख असून तो नागनिका राणीचा मानतात. यज्ञांच्या दक्षिणेत किती गाई, किती हत्ती, किती कार्षापण दिले त्याचे आकडे त्यात आहेत, आणि भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांत त्यांची गणना होते. राजघराण्यातल्या लोकांचे पुतळेही होते. आज नुसती पावले आणि वरची नावे उरली आहेत. बाहेर, जकातीची नाणी टाकण्याचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. शाळेच्या सहलीत मी त्यात डोके घालून पाहिले आहे. इतके सामान आयते मिळाल्यावर मला फारसे काही रचावे लागले नाही. रांजणातली जकात रात्रीतून नाहीशी झाली आहे. सकाळी जुन्नरहून अधिकारी येणार. तोवर घाटमाथ्यावर अडकलेल्या पाच जणांनी छडा लावायचा. जकातदार, कल्याणचा वाणी, बैलांच्या तांड्याची म्होरकी, लेण्यातला भिक्खू आणि रानातला वाटाड्या. प्रत्येकाला एक गरज आणि एक लपवायची गोष्ट दिली. ही पाच सोंगे लिहून झाल्यावर माझ्या ध्यानात आले, की वेस्लीच्या त्या जर्मन गावातले नगराध्यक्ष आणि सावकार यांचेच हे भाऊबंद आहेत.

प्रत्यक्ष मांडणीच्या बाबी आता भराभर सांगते. एका टेबलाला सूत्रधार धरून सहा, याहून जास्त नकोत. सातवा आला की दोघे जण आपसांत गप्पा मारू लागतात. नावे आधी घ्यायची आणि दोन नावे राखीव ठेवायची, कारण 'येते गं नक्की' म्हणणाऱ्यांतले दर वेळी कुणीतरी गळतेच. सोंगांचे कागद आधी भरून न्यायचे. नवख्याला स्वतः भरायला लावले तर तास तिथेच जातो. नियम दहा मिनिटांत सांगायचे, बाकीचे खेळता खेळता. भिंतीकडची टेबले घ्यायची, आवाज घुमत नाही. चार वाजता संपवायचे असेल तर साडेतीनला चोर सापडू लागला पाहिजे.

एक गोष्ट मात्र जरा थांबून सांगण्यासारखी. टेबलाच्या मधोमध आम्ही फुली काढलेले एक कार्ड ठेवतो. ही पद्धत अमेरिकेतल्या जॉन स्टाव्हरोपूलॉस यांची. गोष्टीत असे काही आले की जे कुणाला सहन होत नाही, तर त्याने नुसते कार्डाला बोट लावायचे. सूत्रधार तो भाग वगळून पुढे जातो, कारण विचारत नाही. एका प्राध्यापकांनी हसून म्हटले, की एवढे नाजूक असाल तर खेळता कशाला? मला ते पटले नाही. मागच्या पावसाळ्यात सूत्रधाराने जकातीच्या वसुलीत सावकाराचा माणूस दारात येऊन घरातली भांडी बाहेर काढतो असा प्रसंग घातला. एका मुलाने कार्डाला बोट लावले. कुणी काही विचारले नाही; सूत्रधाराने भांड्यांच्या जागी मिठाची पोती केली आणि खेळ चालू राहिला. तो मुलगा पुढच्या बुधवारी आला. कार्ड नसते तर आला नसता, असे मला वाटते.

मराठीत टेबल मांडल्यावर काय बदलले? आमच्या वर्गात एक मुलगी आहे, मागच्या बाकावरची. हजेरीला 'प्रेझेंट मॅडम' यापलीकडे तिचा आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता. तिला जकातदाराचे सोंग मिळाले. वाणी आपल्या मालाची जकात चुकवू पाहत होता आणि त्याचे काम करणारा मुलगा चांगला वक्तृत्व स्पर्धा गाजवलेला. तिने त्याला पाऊण तास रोखून धरले. प्रत्येक गोणीचे तोंड सोडायला लावले, बैल मोजले, गेल्या खेपेचा हिशोब विचारला. मध्ये एकदा फासा टाकायची वेळ आली, तर सूत्रधारच म्हणाला, 'राहू दे, फाशाची गरज नाही, त्याची बोबडी वळली आहे.' नंतर चहा घेताना कळले की तिची आई भाजीचा गाळा चालवते आणि सुट्टीत हिशोब हीच बघते. ती वर्गात आता घडाघडा बोलू लागली, असे काही झालेले नाही. बुधवारी मात्र बोलते.

यावर एक आक्षेप आमच्यातच निघाला आणि तो टाकाऊ नाही. आमच्या एका मित्राचे म्हणणे असे, की इंग्रजी बोलायचा सराव करायची एवढी चांगली जागा चालून आली असताना तुम्ही तिथेही मराठी आणलीत. उद्या मुलाखतीला जकातदार कामाला येणार आहे का? त्याचे निम्मे खरे आहे. त्याच्या आग्रहाने आम्ही महिन्यातली एक बैठक मिसळीची ठेवली आहे, ज्याला जे सुचेल त्या भाषेत. तिथे नवल असे दिसते, की मराठी टेबलावर तीन-चार वेळा भांडून आलेला माणूस इंग्रजीतही धडपडत का होईना भांडतो. आधी सोंग जिवंत व्हावे लागते, मग ते कुठल्याही भाषेत तोंड उघडते. पण हा माझा अनुभव दहा-पंधरा जणांपुरता आहे, आणि मित्र अजून मान्य करीत नाही.

सध्याची खरी टंचाई वेगळीच आहे. खेळायला यायला तयार असलेले पुष्कळ, सूत्रधार व्हायला कुणी नाही. दोन टेबलांना दोन सूत्रधार लागतात आणि आमच्याकडे अडीच आहेत; अर्धा म्हणजे तो मुलगा ज्याची प्रॅक्टिकल्स बुधवारीच येतात. सूत्रधाराला पाचही जणांचे ऐकावे लागते, जो बोलत नाही त्याच्याकडे वळून 'आणि तू काय करतेस?' हे विचारावे लागते, नियम आठवावा लागतो, घड्याळ बघावे लागते, आणि त्याचे स्वतःचे सोंग असे एकही नसते. म्हणून आम्ही आता दर टेबलाला एक 'जोडीदार' बसवतो. पहिल्या बैठकीत त्याने फक्त जीव मोजायचे. दुसऱ्या बैठकीत त्याच्याकडे एक छोटे पात्र द्यायचे, पहारेकरी किंवा गुहेत खोकणारा म्हातारा. तिसऱ्या वेळी शेवटचा अर्धा तास त्याच्या हाती. अशा रीतीने दोघी तयार होत आल्या आहेत. त्यांतली एक म्हणजे ती जकातदारीण. तिने स्वतःचे कथानक लिहायला घेतले आहे. भाजी मंडईत पहाटे चार वाजता घडणारे, वजनकाट्याचा घोळ असलेले. पाच सोंगांपैकी चार लिहून झाली आहेत. पाचवे हमालाचे आहे, आणि त्याची माहिती ती माझ्याकडून काढून घेत आहे.